शंभराच्या नोटेवरची बाई

स्टॉकहोम, ९ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुझा आवाज बसका वाटला. काढा घेतेस ना? इथे आता साडेतीनलाच दिवेलागण होते. शेजारची मंडळी पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर पत्र देतेय. आत शंभर क्रोनरची एक नोट आहे, ती मोडू नकोस.

तू विचारलं होतंस, नोटेवर कोण असतं? मी म्हटलं, नटी. तुला खरं वाटेना. तीच ही, ग्रेटा गार्बो.

मूळची ग्रेटा गुस्टाफसन. १९०५ चा जन्म, इथल्याच सोडरमाल्म भागातला. तेव्हा ती कष्टकऱ्यांची वस्ती. १९२० मध्ये वडील गेले तेव्हा ही चौदा वर्षांची. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गालांना साबणाचा फेस लावायची. मग एका मोठ्या दुकानात टोप्यांच्या विभागात लागली. १९२१ च्या कॅटलॉगसाठी तिच्याच डोक्यावर टोप्या चढवून फोटो काढले. ते मी पाहिले. टोपीच्या काठाखाली गोल, पोरसवदा चेहरा.

आई, मला तूच दिसलीस. बाबा गेल्यावर लक्ष्मी रोडच्या दुकानात उभी राहायचीस ती. गिऱ्हाईक अडलं की पदर स्वतःच्या खांद्यावर घेऊन म्हणायचीस, "बघा, काठ कसे उठून दिसतात." मी कोपऱ्यातल्या स्टुलावर गृहपाठ करत बघायचे. साडी तुलाच जास्त शोभायची, पण घडी होऊन दुसऱ्याच्या घरी जायची. तुझा तसा एकही फोटो आपल्याकडे नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे ग्रेटाने दुकान सोडलं, सरकारी नाट्यशाळेत शिकली. मॉरिट्झ स्टिलर या दिग्दर्शकाने तिला १९२४ च्या चित्रपटात मोठी भूमिका दिली आणि १९२५ मध्ये दोघं बोटीने अमेरिकेला गेली. त्याचं तिथे जमलं नाही. तो परतला आणि १९२८ मध्ये वारला. ती मात्र मूकपटांची राणी झाली. मग बोलपट आले. हिच्या स्वीडिश हेलाचं कसं होणार, ही धास्ती स्टुडिओला होतीच. १९३० मध्ये तिला बोलायला लावलं ते स्वीडिश वंशाच्याच मुलीच्या भूमिकेत, आणि जाहिरात केली, ‘गार्बो बोलते!’ लोक तिचा आवाज ऐकायला लोटले. मीटिंगमध्ये तोंड उघडताना माझे उच्चार मला टोचतात, तेव्हा हे आठवून धीर येतो.

१९४१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तिचा शेवटचा चित्रपट आला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं जगली, पण पडद्यावर परतली नाही. मानाचा ऑस्कर दिला, तोही घ्यायला गेली नाही. लोक याला विक्षिप्तपणा म्हणतात. मला नाही पटत. चौदाव्या वर्षापासून लोकांसमोर उभं राहिलेल्या बाईला कधीतरी बसावंसं वाटणारच.

१९९० मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये वारली. अस्थी १९९९ मध्ये इथे आणून पुरल्या, शहराच्या दक्षिणेला पाइनच्या झाडीतल्या दफनभूमीत. गेल्या शनिवारी इथे पितरांचा दिवस होता, तिकडे मेणबत्त्याच मेणबत्त्या. तिच्या दगडावर फक्त सही आहे. मीही एक मेणबत्ती लावली, आणि शेजारी एक बाबांच्या नावाने.

नोट तुझ्या शिवणाच्या डब्यात ठेव. आणि दादाला सांग, पैठणी नेसवून तुझा एक नीट फोटो काढायला. मला पाठव.

तुझी,
धाकटी