रिसेप्शनच्या बसण्याच्या व्यवस्थेबद्दल सूचना
मंडळी, टेबलांचा प्लॅन फायनल करायचाय, त्यामुळे आपापल्या बाजूच्या पाहुण्यांची नावं उद्या रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका प्लीज. नुसतं "फॅमिली" लिहू नका, माणसं किती, त्यात लहान मुलं किती ते स्पष्ट लिहा.

५ फुटी गोल टेबलाला ८ जण आरामात बसतात, १० बसवले तर कोपराला कोपर लागतो, म्हणून ८ च धरतोय. दोन टेबलांमध्ये साधारण ५ फूट मोकळे हवेत, कारण लोक खुर्ची मागे सरकवून बसले की मधून जायला वाटच उरत नाही.

ज्येष्ठ मंडळींना कृपया स्पीकरजवळ बसवू नका, स्टेज दिसतं म्हणून आपण त्यांना हौसेने पुढे बसवतो आणि त्यांना शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही! त्यांना बाजूला, वॉशरूमला जाणं सोपं पडेल असं बसवू. कोणी व्हीलचेअरवर येणार असेल तर आधी कळवा, तिथली एक खुर्ची काढून ठेवतो.

एकटे येणारे पाहुणे ओळखीच्यांसोबतच बसतील हे बघा, आणि कोणाचं कोणाशी पटत नसेल तर मला पर्सनलवर सांगा, ग्रुपवर नको.