लष्करासाठी राखीव आकाशापैकी वापरलं किती? नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, यांस

स. न. वि. वि.

मी निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर आहे. मार्ग, इंधन, हवामान, पर्यायी विमानतळ यांचा हिशेब मांडायचा, त्यावर सही करायची आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची, हे माझं नोकरीभरचं काम. त्यामुळे हे पत्र चिडलेल्या प्रवाशाचं म्हणून बाजूला सारू नका. चिडलेली तर मी आहेच.

गेल्या महिन्यात माझा थोरला भाऊ गेला. दादा अतिदक्षता विभागात होता. ज्यांना यायचंय त्यांना बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी पहाटे माझ्या भाच्याला सांगितलं. मला सकाळचं विमान मिळालं. उतरायचं होतं तो विमानतळ संरक्षण दलाच्या तळावरचा. धावपट्टी त्यांची, टॉवर त्यांचा, प्रवासी विमानांना ठरलेल्या वेळेतच मुभा. पावसामुळे आमचं विमान पाऊण तास रखडलं आणि तेवढ्यात तिकडची वेळ उलटली. दरवाजे लागले होते, पट्टे बांधले होते, तेव्हा कॅप्टनने सांगितलं की तिथे लष्करी सरावाची वेळ सुरू झाली आहे, आता परवानगी दुपारनंतर. आम्हाला खाली उतरवलं. भाच्याचा फोन आला तेव्हा मी गेटसमोर बोर्डिंग पास धरून बसले होते. "आत्या, आता घाई करू नकोस," एवढंच तो म्हणाला.

दादाचं घर त्या तळाच्या कुंपणापासून लांब नाही. जेट उडालं की खिडक्यांची तावदानं थरथरतात, समोरच्याशी बोलणं थांबवावं लागतं. त्या सकाळी तिथे एकाही विमानाचा आवाज आला नाही, असं वहिनी आणि भाचा दोघंही सांगतात. मी त्या दिवसाचे हवामान अहवाल काढून वाचले. ढगांचा तळ आठशे फूट, दृश्यमानता अडीच किलोमीटर. प्रवासी विमान आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीवरच्या रेडिओ संकेतांच्या आधाराने, उतरलं असतं, पण लढाऊ विमानांचा सराव अशा हवेत कोण करतं? म्हणजे आकाश राखीव होतं आणि रिकामंही होतं. सराव नाही हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ती वेळ परत दिली नाही. ती परत मागायचा अधिकार ज्यांना होता त्यांनी मागितली नाही.

मंत्रिमहोदय, यावरचा उपाय, म्हणजे हवाई क्षेत्राचा लवचीक वापर, तुमच्या सरकारला माहीत आहे. १६ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी देशासमोर सांगितलं होतं की भारताच्या हवाई क्षेत्रापैकी ६० टक्केच मोकळेपणाने वापरता येतं, निर्बंध सैल केले जातील आणि त्यातून विमान वाहतुकीचे वर्षाला सुमारे १००० कोटी रुपये वाचतील. त्यानंतर काही कंडिशनल रूट, म्हणजे राखीव आकाश मोकळं असेल तेव्हाच वापरता येणारे मार्ग, उघडले, हे मला मान्य आहे. पण १००० कोटींचा हिशेब कुठे आहे? वर्षामागून वर्षं गेली. किती वाचले, कुणाचे वाचले, हे सांगणारा एकही कागद माझ्या पाहण्यात नाही.

हा लवचीक वापर म्हणजे फार गूढ गोष्ट नाही. आकाशाचा कोणताही तुकडा कायमचा लष्करी नाही आणि कायमचा नागरीही नाही. ज्याला हवा त्याने ठरलेल्या काळापुरता तो घ्यायचा आणि काम झालं की लगेच सोडायचा. कुणाला काय लागेल याचं धोरण दोन्ही बाजूंनी मिळून ठरवायचं, आदल्या दिवशी उद्याचं वाटप करायचं आणि प्रत्यक्ष दिवशी मिनिटामिनिटाला ते बदलत राहायचं. आपलं घोडं अडतं ते या शेवटच्या पायरीवर. वाटप होतं, परत देणं होत नाही. कंडिशनल रूट चार्टवर छापलेला असतो, पण तो उघडल्याचं डिस्पॅचरला वेळेवर कळलं नाही तर त्याचा उपयोग शून्य. रात्री अडीच वाजता फ्लाइट प्लॅन भरताना मी लांबचा मार्ग धरायचे, त्याचं इंधन भरायचे, आणि विमान वर गेल्यावर कंट्रोलर सांगायचा की सरळ जा, मोकळं आहे. तोवर ते जादा इंधन टाकीत चढलेलं असायचं, आणि ते नुसतं वाहून न्यायलाही इंधनच जळतं.

युरोपातल्या देशांनी ही पद्धत मार्च १९९६ मध्ये सुरू केली. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला आपल्याकडे दिल्लीजवळच्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, एकही वाचला नाही. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं, हा चौकशी आयोगाचा निष्कर्ष बरोबरच आहे. पण दिल्लीत येणारं आणि दिल्लीतून जाणारं विमान एकाच वाटेवर समोरासमोर का होतं? कारण आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलासाठी राखलेलं होतं आणि नागरी विमानांना ये-जा करायला एकच कॉरिडॉर होता. अपघातानंतर येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. जागा होती, देता येत होती, हे ३४९ प्रेतं शेतात पडल्यावर सिद्ध झालं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही ती संध्याकाळ विसरता येत नाही. सरकारला ती विसरता आली, याचं मला दुःख आहे.

पैशांची भाषा कळत असेल तर तुमच्याच मंत्रालयाचे आकडे घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या गर्दीबद्दल बोलताना मंत्रालयाने सांगितलं की विमान ४० मिनिटं घिरट्या घालत राहिलं तर १.७ किलोलिटर इंधन जातं, म्हणजे सुमारे १.८ लाख रुपये. तिथलं कारण वेगळं होतं, पण घिरट्यांचा भाव तोच. समजा, देशभरात रोज १०० विमानांची प्रत्येकी २० मिनिटं बंद आकाशाला वळसा घालण्यात किंवा होल्डिंगमध्ये, म्हणजे परवानगीची वाट पाहत घिरट्या घालण्यात, जातात. दिवसाला ९० लाख झाले, वर्षाला सव्वातीनशे कोटींच्या वर. १०० चा आकडा माझा अंदाज आहे. खरा आकडा तुमच्याकडे असला पाहिजे. असेल तर तो लपवता कशाला, आणि नसेल तर मंत्रालय नेमकं काय मोजतं?

हे पत्र सैन्याविरुद्ध नाही. लढाऊ वैमानिकाला सराव हवा, भरपूर हवा, आणि त्याला लागणारी जागा प्रवासी विमानापेक्षा कितीतरी मोठी असते. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद झाले, तेव्हा प्रवाशांनी हूं की चूं केलं नाही. केलंही नसतं, कारण गरज खरी होती. वैमानिकांचा फायदासुद्धा लवचीक वापरातच आहे. जुन्या चौकटीत अडकण्याऐवजी ज्या दिवशी मोठी जागा हवी त्या दिवशी ती त्यांना मिळते. माझं भांडण सरावाशी नाही, न झालेल्या सरावासाठी अडवून ठेवलेल्या वेळेशी आहे. गोव्यात दाबोळीला वर्षानुवर्षं सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक नागरी विमानांना मज्जाव असायचा. त्यातले किती तास नौदलाची विमानं खरोखर हवेत होती, हे कुणी कधी लोकांना सांगितलं?

दादाचे दिवस झाल्यावर मी रीतसर तक्रार केली. एका कार्यालयाने कळवलं की सदर बाब संरक्षण विभागाशी संबंधित असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. दुसऱ्याने कळवलं की प्रवासी उड्डाणांचं वेळापत्रक नागरी यंत्रणा ठरवते. दोन्ही पत्रांवर माझं नाव चुकीचं होतं. माणूस गेल्यावर त्याच्या बहिणीला पाठवायची ही पत्रं आहेत का? माहितीचा अधिकार वापरायचा म्हटलं, तर कलम ८(१)(क)मधली देशाची सुरक्षा पुढे केली जाईल, असं जाणकारांनी आधीच बजावलं. मी विमानांचे प्रकार विचारत नाही, तुकडीचं नाव विचारत नाही, उद्याचं वेळापत्रक विचारत नाही. होऊन गेलेल्या एका सकाळी आकाश वापरलं की नाही, एवढंच विचारते आहे. कुंपणाबाहेर राहणाऱ्या माझ्या वहिनीला जे नुसत्या कानांनी कळतं, त्यात कसलं गुपित आहे?

दोन खाती एकमेकांशी बोलत नसली की काय होतं, ते वॉशिंग्टनमध्ये दिसलं. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री लष्करी हेलिकॉप्टर आणि उतरणारं प्रवासी विमान धडकून ६७ जण गेले. नंतर तपासात निघालं की ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाभोवती विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी आधीच साठलेल्या होत्या. आणि तिथला टॉवर आणि पेंटागॉन, म्हणजे अमेरिकेचं संरक्षण मुख्यालय, यांच्यामधली हॉटलाइन मार्च २०२२ पासून बंद होती. जगातल्या सर्वात श्रीमंत देशात इतका काळ एक फोन बंद, आणि कुणाच्या लक्षात नाही. आपल्याकडच्या अशा हॉटलाइन शेवटच्या कधी तपासल्या, हे तुम्ही विचारलं आहे का?

खरं सांगायचं तर ही खोड आकाशापुरती नाही. या देशात ज्याच्या हाती जागा येते तो ती धरून बसतो. वापरत नसला तरी सोडत नाही, कारण सोडल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही आणि धरून ठेवल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. सरकारी जमिनी पडून राहतात, ताफा येणार म्हणून रस्ते तासभर आधी अडवले जातात आणि त्यात रुग्णवाहिका अडकतात. 'नाही' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचं कधी काही बिघडत नाही. 'हो' म्हणणाऱ्याला मात्र सही करावी लागते, म्हणून कुणी 'हो' म्हणत नाही. नागरिकाचा वेळ या सगळ्यांच्या लेखी फुकटचा. कोणत्याही पक्षाचं सरकार येवो, मी हेच पाहत आले.

मागण्या मी सांगते, त्या फार नाहीत. प्रत्येक राखीव क्षेत्राचे किती तास मागितले, किती वापरले, किती परत दिले आणि परत दिल्याचं किती आधी कळवलं, हे दर महिन्याला जाहीर करा. मागच्या महिन्याचे नुसते तास, बाकी काही नको. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात सराव सुरू झाला नाही, तर ती वेळ आपोआप नागरी वाहतुकीला मिळावी. त्यासाठी कुणी फोन करायची आणि कुणी मोठ्या मनाने हो म्हणायची गरज पडू नये. लष्करी आणि नागरी अधिकारी एका खोलीत, एका पडद्यासमोर बसावेत आणि जागा सोडण्याचा अधिकार त्यांच्यातल्याच हजर माणसाला असावा, रजेवर गेलेल्या वरिष्ठाला नव्हे. अवयव किंवा अत्यवस्थ रुग्ण नेणाऱ्या विमानासाठी सराव थांबवायचा नियम लेखी असावा आणि तो प्रत्येक टॉवरमध्ये डोळ्यांसमोर लावलेला असावा.

या पत्राची प्रत मी संरक्षण मंत्र्यांनाही पाठवते आहे. उत्तर दोन्ही मंत्रालयांनी मिळून द्यावं, एकाच कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी. वेगवेगळी दोन उत्तरं आली तर मी ती दोन्ही जशीच्या तशी प्रसिद्ध करीन.

कळावे,
एक निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर