पिनोकिओची भूक पडद्यावर हरवली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मुलांच्या चित्रपटांवर आलेला लेख वाचला. पिनोकिओ त्यात एका ओळीत आटोपला आहे: खोटं बोललं की नाक वाढणारा लाकडी बाहुला. यात लेखकाचा दोष नाही, जगभर त्याची ओळख आज एवढीच उरली आहे. पण ही ओळख पडद्यानं घडवली, कार्लो कोलोदी यांच्या मूळ इटालियन कादंबरीनं नाही. मूळ पुस्तकात खोटं बोलल्यामुळे नाक वाढतं ते जेमतेम दोन प्रसंगांत. एरवी तो बिनदिक्कत थापा मारतो आणि नाक जिथल्या तिथं राहतं. पुस्तकात पानोपानी भेटते ती भूक.

त्याला लाकडातून घडवणारा गरीब बाप म्हणजे जेपेत्तो. त्याच्या खोलीत चूल पेटलेली दिसते, तिच्यावर भांडं उकळताना दिसतं, पण ते सगळं भिंतीवर रंगवलेलं चित्र असतं. भुकेला पिनोकिओ भांड्याचं झाकण उचलायला जातो आणि हात भिंतीला लागतो. एक अंडं सापडतं, तर फोडल्यावर त्यातून पिल्लू उडून जातं. रात्री भाकरी मागायला गावात जातो, तर कुणीतरी खिडकीतून डोक्यावर पाणी ओततं. शेवटी जेपेत्तो स्वतःच्या न्याहारीची तीन नासपती त्याला देतो. पोरगं आधी म्हणतं, सालं काढून दे. फळं संपतात, भूक संपत नाही, मग तेच पोरगं सालंही खातं आणि मधला टाकाऊ गाभाही. मुलांच्या पुस्तकात गरिबी इतकी खरी आणि तरीही इतकी खेळकर लिहिलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

पुढच्याच प्रकरणात बर्फ पडत असताना जेपेत्तो अंगातला कोट विकून पोराला अंकलिपी आणून देतो. इटलीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा कायदा १८७७ चा, आणि ही गोष्ट छापून येऊ लागली १८८१ च्या जुलैत. शाळा सक्तीची झाली, पण पुस्तकापायी गरीब बापाचा कोट जातो, हे कार्लो कोलोदी यांनी एका पानात सांगितलं. कोलोदी हे टोपणनाव, त्यांच्या आईच्या गावावरून घेतलेलं. हे फ्लॉरेन्सचे पत्रकार कार्लो लोरेन्झीनी. इटलीच्या एकीकरणासाठी झालेल्या १८४८ आणि १८५९ च्या युद्धांत ते स्वयंसेवक म्हणून लढले होते. ज्या देशासाठी लढलो तो घडल्यावरही गरिबाच्या ताटात काही पडलं नाही, ही जळजळ या पुस्तकात मला सतत जाणवते.

आता १९४० चा डिस्नेचा चित्रपट पाहा. तो मला मनापासून आवडतो आणि त्यातल्या चित्रकामाची सर आजही फार थोड्या चित्रपटांना येते. पण त्यानं एक गोष्ट मुळातून बदलली: जेपेत्तोचं घर. तिथं उबदार दिवे आहेत, भिंतभर घड्याळं, खेळणी, मांजर, काचेच्या भांड्यातला मासा. अशा घरातला मुलगा बिघडतो तो केवळ मोहापायी. कादंबरीतला मुलगा मोहाला बळी पडतोच, पण कोल्हा आणि मांजर हे दोन ठग त्याला सोन्याच्या नाण्यांच्या झाडाचं आमिष दाखवतात तेव्हा तो म्हाताऱ्या बापाला नवा कोट घेण्याची स्वप्नं पाहत असतो. लुबाडला जातो तो त्या कोटापायी. घर बदललं आणि पिनोकिओच्या चुकांचा अर्थच बदलला. पिनोकिओला उपदेश करणाऱ्या बोलक्या रातकिड्याचंही तेच झालं. पुस्तकात चौथ्याच प्रकरणात पिनोकिओ त्याच्यावर हातोडा फेकून त्याला मारतो. चित्रपटात तो छत्रीवाला, गाणारा सोबती झाला आणि आज निम्म्या जगाला तोच मूळ वाटतो.

म्हणून रूपांतरंच नकोत असं मी म्हणत नाही. उलट या कादंबरीचं आयुष्य पहिल्यापासून फेरफारांवरच उभं आहे. ‘जोर्नाले पेर इ बाम्बीनी’ या मुलांच्या नियतकालिकात ती क्रमशः येत होती आणि पंधराव्या प्रकरणाअखेर कोलोदींनी पिनोकिओला झाडाला फाशी देऊन गोष्ट संपवली होती. छोट्या वाचकांना ते मान्य झालं नाही. त्यांच्या मागणीमुळे काही महिन्यांनी, १८८२ साली, गोष्ट पुन्हा सुरू झाली, निळ्या केसांच्या परीनं त्याला झाडावरून उतरवलं आणि प्रकरणं छत्तीस झाली. १८८३ साली पुस्तक निघालं. म्हणजे या गोष्टीचं पहिलं रूपांतर वाचणाऱ्या मुलांनीच करून घेतलं.

पुढची रूपांतरंही बघण्यासारखी आहेत. इटलीत १९११ सालीच मूकपट आला. रशियात लेखक अलेक्सेई टॉल्स्टॉय यांनी १९३६ साली पिनोकिओवरून बुरातिनो हा बाहुला जन्माला घातला. त्याचं नाक खोटं बोलल्यानं वाढत नाही, तो माणूसही होत नाही, त्याला सोन्याची किल्ली मिळते आणि तिनं उघडलेल्या दारामागे कळसूत्री बाहुल्यांचं स्वतःचं रंगमंदिर. स्पीलबर्ग यांनी २००१ साली ‘ए.आय.’ या चित्रपटात यंत्रमानव मुलाला त्याच निळ्या परीच्या शोधात धाडलं.

पण माझ्या मते कोलोदींच्या सर्वांत जवळ गेले ते लुइजी कोमेन्चिनी. १९७२ साली इटालियन दूरचित्रवाणीसाठी केलेल्या त्यांच्या मालिकेत परी पिनोकिओला सुरुवातीलाच हाडामांसाचा मुलगा करते आणि तो चुकला की पुन्हा लाकडाचा करते. पुस्तकातल्या क्रमाची ही मोठी मोडतोड आहे, पण त्यानं साधलं काय ते बघा. मूल बहुतेक वेळ जिवंत, थंडीनं कुडकुडणारं, खरोखर उपाशी दिसतं आणि लाकूड होणं ही त्याला मिळणारी शिक्षा ठरते. त्यातला नट नीनो मान्फ्रेदींचा जेपेत्तो पाहिला की गरिबीत बाप होणं म्हणजे काय ते कळतं. २०१९ च्या मात्तेओ गार्रोने यांच्या चित्रपटातही ही जाण आहे. सुरुवातीलाच जेपेत्तो खानावळीत जाऊन तिथलं धड सामान मोडकं असल्याचं पटवू पाहतो, काहीतरी काम मिळावं म्हणून.

गिलेर्मो देल तोरो यांनी २०२२ च्या चित्रपटात गोष्ट मुसोलिनीच्या काळात नेली आणि आज्ञा न पाळणं हा गुण ठरवला. अनेकांना हा मूळ पुस्तकाशी द्रोह वाटला. मला तसं वाटत नाही. पुस्तकात लुबाडला गेलेला पिनोकिओ न्याय मागायला जातो तेव्हा न्यायाधीश त्यालाच तुरुंगात टाकतो. पुढे सगळ्या चोरांची सुटका होते, तेव्हा ‘मीही बदमाशच आहे’ असं म्हटल्यावरच त्याला सोडतात. सत्तेकडे असं बघायला कोलोदींनीच शिकवलंय. देल तोरो यांनी तो धागा उचलला इतकंच.

एक प्रसंग मात्र वगळला गेला की मला राहवत नाही. शेवटच्या प्रकरणात पिनोकिओ आजारी बापाला पेलाभर दूध मिळावं म्हणून विहिरीचा रहाट ओढतो. शंभर बादल्या पाण्याला एक पेला दूध. आधी ते काम करणारं गाढव गोठ्यात मरायला टेकलेलं असतं आणि ते गाढव म्हणजे त्याचा शाळासोबती लुचिन्योलो, त्याच्याबरोबर खेळण्यांच्या देशात पळालेला. एक पोरगा त्या रहाटापायी मेला, दुसरा तोच रहाट ओढून माणूस झाला. डिस्नेच्या चित्रपटात हा मित्र गाढव होतो आणि पुन्हा कधी दिसतच नाही.

माझी विनंती अशी. कोलोदी १८९० साली वारले, मूळ कादंबरीवर आता कुणाचा हक्क नाही. पहिल्या आवृत्तीतली एनरिको माझ्झान्ती यांची चित्रंही कुणालाही छापता येतात. आपल्या मुलांच्या पानावर ती पूर्ण, काहीही न गाळता, दर रविवारी एक प्रकरण अशी छापावी. छत्तीस रविवार लागतील. फाशीचं प्रकरण वगळू नका. ते छापल्यावर दोन-तीन आठवडे थांबा आणि पुढे काय व्हावं ते मुलांनाच लिहून कळवायला सांगा.

आपला,
एक वाचक