घेट्टोतल्या भुकेबद्दल पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतला दुसऱ्या महायुद्धावरचा लेख वाचला. बाकी छानच आहे पण ज्यूंचा विषय दोन ओळींत उरकलाय, नाझींनी त्यांना घेट्टोत (म्हंजे ज्यूंसाठी वेगळ्या केलेल्या बंदिस्त वस्तीत) कोंडलं आणि मग छावण्यांत नेऊन मारलं, झालं. मधली दोन-चार वर्षं ही माणसं काय खात होती, कशी राहत होती, यावर एक शब्द नाही. गॅस चेंबरपर्यंत न पोचताच तिथं हजारो लोक मेले, आणि ते रेशनच्या हिशोबानं मेले, म्हणून हे पत्र.

पोलंडची राजधानी वॉर्सॉचं बघा. 16 नोव्हेंबर 1940 ला घेट्टो बंद केला, भोवती तीन मीटर उंच भिंत, वर काचा आणि तारा, आत चार लाखांच्या वर माणसं, एकेका खोलीत सात-सात जण. 1941 मध्ये ज्यूंना कार्डावर मिळायचं ते दिवसाला साधारण 184 कॅलरी, म्हंजे जेमतेम दोन पोळ्या, तेही मिळालं तर. त्याच शहरात जर्मन माणसाला 2600 च्या वर. हे काय टंचाईमुळं झालं नव्हतं, ऑफिसात बसून कुणीतरी ठरवलेले आकडे होते हे. मग उवांमुळं टायफस पसरला (आपला टायफॉइड नव्हे, हा वेगळा), आणि जुलै 1942 मध्ये ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला पहिली गाडी सुटायच्या आधीच 80 हजारांवर माणसं गेली होती.

तरी बाकीचे जगले कसे, तर स्मगलिंगवर. पोटात जाणारं बरंचसं अन्न चोरूनच आत यायचं आणि त्यात लहान पोरं पुढं, भिंतीच्या भोकातून, गटारातून जायची आणि बटाटे, पीठ कपड्यांत लपवून आणायची. अख्खं घर सात-आठ वर्षांच्या पोरावर चालायचं. पकडलं तर गोळी. 17 नोव्हेंबर 1941 ला घेट्टोबाहेर गेले म्हणून आठ जणांना गोळ्या घातल्या, त्यात सहा बायका होत्या.

पोलंडमधल्याच लोड्झच्या घेट्टोत तर हे स्मगलिंगही नव्हतं. ते शहर जर्मनीलाच जोडून टाकलेलं, आजूबाजूला जर्मन वस्ती, आणि घेट्टोत चलनसुद्धा वेगळं छापलेलं, बाहेर त्या नोटांची किंमत शून्य, मग बाहेरचा माणूस धान्य विकणार कशाच्या बदल्यात? कारखान्यात राबायचं आणि वाट्याला येईल तो पाव आठवडाभर पुरवायचा. बटाट्याच्या साली मिळवायला डॉक्टरची चिठ्ठी लागायची, वाचून माझा विश्वास बसेना. तिथल्या ज्यू प्रशासनाचे प्रमुख रुमकोव्स्की म्हणायचे काम करत राहू तर वाचू, आणि सप्टेंबर 1942 मध्ये त्यांनीच आईबापांकडं पोरं मागितली, जर्मनांना द्यायला. त्यांच्यावर लोक आजही भांडतात. मला विचाराल तर ते दोषी आहेतच, पण त्यांच्यावर तावातावानं बोलताना रेशनचे आकडे कुणी ठरवले ते विसरायला होतं.

वॉर्सॉत अनाथाश्रम चालवणारे ज्यू डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक यांच्याबद्दल आपल्याकडं लिहितात ते टागोरांच्या 'डाकघर'पुरतंच, त्यांच्या अनाथ मुलांनी वॉर्सॉत ते नाटक केलं म्हणून. नाटक केलं हे खरंच, पण त्या माणसाचा दिवस जायचा पोरांसाठी दारोदार अन्न मागण्यात. अनाथाश्रम घेट्टोत हलवताना बटाट्यांची गाडी जप्त झाली तर हे पोलिश अधिकाऱ्याचा युनिफॉर्म घालून तक्रार करायला गेले, दंडावर ज्यूंना सक्तीची असलेली पट्टी नाही, आणि थेट तुरुंगात. हे पण छापा की कधीतरी!

आणि तिथल्या डॉक्टरांचं सांगायलाच पाहिजे. औषध नाही, अन्न नाही, तर इझ्राएल मिलेकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1942 च्या फेब्रुवारीत भुकेचाच अभ्यास सुरू केला, उपासमारीनं शरीरात काय काय बदलत जातं ते मोजून लिहून ठेवलं, स्वतः अर्धपोटी. कागद बाहेर पोचवले म्हणून ते 1946 मध्ये छापले गेले. लिहिणाऱ्यांतले बहुतेक तोवर जिवंत नव्हते.

घेट्टो आणि छावणी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. 22 जुलै 1942 पासून वॉर्सॉतून गाड्या सुटायला लागल्या, आणि त्या महिन्याच्या शेवटी पोस्टर लागली की जो आपणहून स्टेशनवर येईल त्याला तीन किलो पाव आणि एक किलो जॅम. हजारो लोक स्वतःच्या पायांनी गेले. दोन वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाला तीन किलो पाव दाखवला तर तो काय करणार हे देणाऱ्यांना पक्कं माहीत होतं.

शेवटी एक दुरुस्ती. लेखात आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पातल्या पोलिश लोकांना 'घेट्टोतून सुटलेले ज्यू' म्हटलंय, ते चूक आहे. इथं 1943 ते 48 राहिलेले पाचएक हजार लोक बहुतेक कॅथलिक होते, पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सरकारनं सायबेरियात नेलेले आणि मग इराणमार्गे इकडं आलेले. हालअपेष्टा त्यांनीही काढल्या, पण वेगळ्या सरकारच्या हातून. पुढच्या अंकात एवढं दुरुस्त करून छापावं ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर