पक्ष्यांच्या मागे बोट कशाला?

संपादक साहेब, नमस्कार,

भिगवणच्या फ्लेमिंगोंचे फोटो दरवर्षी पेपरात बघतो, छान असतात, पण उडत्या थव्याचा फोटो दिसला की पहिला प्रश्न हाच पडतो की हे आपणहून उडाले का बोट अंगावर नेली म्हणून उडाले. मी सध्या मुलाकडे शिकागोजवळ आहे, इथे नोव्हेंबरात लोक सँडहिल क्रेन नावाचे पक्षी बघायला जातात, ते बघून हे लिहावंसं वाटलं.

जागा शेजारच्या इंडियाना राज्यात, जॅस्पर-पुलास्की म्हणून वन्यजीव क्षेत्र आहे, गाडीने साधारण दोन तास. पक्षी आपल्या सारसाच्याच कुळातला, राखाडी, कपाळ लालभडक, उंची तीन-चार फूट. उत्तरेकडून फ्लोरिडा-जॉर्जियाकडे जाताना काही आठवडे इथे थांबतात, ऐन सीझनला दहा हजारांच्या वर. दिवसभर कापणी झालेल्या मक्याच्या शेतात सांडलेले दाणे टिपायचे, सूर्य मावळायच्या तासभर आधी एका मोठ्या गवताळ माळावर जमायचं, तिथे उड्या मारत नाच, भांडणं, आरडाओरडा, आणि अंधार पडता पडता दलदलीत जाऊन उथळ पाण्यात उभं राहून झोपायचं. श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते त्यामुळे आवाज मैलभर सहज जातो. त्या गदारोळात मध्येच बारीक शिट्टीसारखा आवाज येतो तो यंदाच्या पिल्लाचा, ते पहिला हिवाळा आईबापांना सोडत नाही.

आणि लोक काय करतात? माळाच्या कडेला एक मचाण बांधलंय, त्यावर उभे राहतात. बस. तिकीट नाही, वर जायला रॅम्प आहे म्हणून गुडघेवाल्यांचीही सोय, पुढे कोणी जात नाही. पक्षीच डोक्यावरून येतात की!

इथलेही काही जन्मजात शहाणे नव्हते हां. इथल्या कँकाकी नदीकाठची सुमारे ५ लाख एकर दलदल यांनीच नदी सरळ करून शेतीसाठी सुकवली, त्याआधी बंदुका होत्याच, १९३० च्या दशकात या भागात क्रेन मोजकेच उरले होते. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने शिकार आधीच थांबली होती, पुढे उरलीसुरली पाणथळ राखली, तेव्हा कुठे हळूहळू वाढले. आता वाढले म्हणून २०११ पासून शेजारच्या केंटकीत परमिटवर शिकार परत सुरू केलीय, ते मला अजिबात पटत नाही पण ते असो.

आपल्याकडे भिगवणला उजनी धरणाचं पाणी चढतं-उतरतं, एका जागी मचाण नेहमी उपयोगाचं नाही हे मान्य. कुंभारगाव-डिकसळच्या नावाड्यांचं पोट त्यावर आहे, बोटी बंद करा असं मी म्हणत नाही. पण ठराविक अंतरावर इंजिन बंद करून थांबायचा नियम काटेकोर पाळला आणि "जरा उडवा ना" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला सरळ नाही म्हटलं तर काय बिघडतं? नावाड्याला ते एकट्याला जड जातं, वनखात्याने मागे उभं राहायला हवं.

जाता जाता, मुलांकडे अमेरिकेत येणाऱ्या आईबाबांना एक सांगतो, थंडीला घाबरून दिवाळीआधीच परतीचं तिकीट काढू नका. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पक्ष्यांची गर्दी सगळ्यात जास्त असते, संध्याकाळ नाही जमली तर सूर्योदयाला जा, तेव्हाही माळावर येतात. थर्मल घाला आणि कानटोपी विसरू नका, मचाणावर वारा जबरदस्त असतो.

– एक वाचक, पुणे (सध्या मुक्काम शिकागो)