मंत्रिमंडळ झालं, आता पोरांना काम पण द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदाही आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच हायस्कुलांत शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका जोरात झाल्या. अर्ज भरणं, माघार, चिन्हवाटप (कपबशी, पतंग, पेन), मोबाईलमध्ये वोटिंग मशीनचं अॅप, बटण दाबलं की पीं वाजणार, बोटाला शाई, मग मतमोजणी, गुलाल आणि शपथविधी. याला माझा अजिबात विरोध नाही उलट चांगलंच आहे, निवडणूक आयोगाने 2018 पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठी मतदार साक्षरता मंडळं काढलीत ती पण याचसाठी. माझं म्हणणं पुढचं आहे. शपथविधीचे फोटो ग्रुपवर पडले, सगळ्यांनी अंगठे दिले, आणि त्यानंतर हे मंत्री वर्षभर करतात काय?

माझी मुलगी नववीत आहे आणि स्वच्छता मंत्री आहे. मी विचारलं काय काम असतं गं तुला, तर म्हणे वर्गात कागद टाकणाऱ्यांची नावं लिहून सरांना द्यायची. बास. मुलींच्या बाथरूमला शाळा सुरू झाल्यापासून धड पाणी नाही, पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत म्हणजे जायलाच नको, हे तिला माहितीये, बाईंना माहितीये, पण स्वच्छता मंत्र्याने हे कुणाला आणि कधी सांगायचं याची सोयच नाही. मिटिंगच नाही कुठली. पंधरा ऑगस्टला संचलन, पाहुणे आले की गुलाबाचं फूल आणि सूत्रसंचालन, एवढ्यावर खातं संपलं.

मॉनिटरचं तर विचारूच नका. आमच्या वेळी पण हेच होतं, सर वर्गात नसले की फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहायची, जास्त बोलला की नावापुढे फुल्या. म्हणजे तो वर्गाचा प्रतिनिधी नाहीच, तो सरांचा माणूस. वर्गाच्या वतीने सरांशी बोलायचं असतं हे त्याला कुणी सांगतच नाही, आणि एखादा बोललाच तर "फार शहाणा झालास का" हे ऐकावं लागतं. पुढं मोठेपणी ग्रामसभेत आपण सगळे गप्प का बसतो याचं मग आश्चर्य वाटतं आपल्याला!

आता निवडून कोण येतं ते पण बघा. पहिल्या पाचातला, नाहीतर सरांचा मुलगा, नाहीतर संस्थेतल्या कुणाचा तरी पुतण्या. मुलगी असेल तर उपमुख्यमंत्री किंवा सांस्कृतिक म्हणजे रांगोळी आणि स्वागतगीत. आणि एसटीने येणारी वाडीवस्तीवरची पोरं यात कुठेच नसतात कारण शाळा सुटल्यावर थांबायचं म्हटलं तर त्यांची गाडी जाते. कुणी मुद्दाम डावललं असंही नाही, सगळे कार्यक्रम पाच वाजल्यानंतर ठेवले की ती आपोआपच बाहेर राहतात.

याउलट माझ्या नणंदेच्या गावच्या शाळेत काय झालं ते सांगते. तिथं शाळा पाचला सुटायची आणि गाडी पावणेपाचला, त्यामुळे वाडीच्या पोरी शेवटचा तास अर्धवट सोडून पळायच्या, आणि तो तास नेमका गणिताचा. मुलींना पास फुकट आहे पण गाडीच वेळेवर नसेल तर त्या पासचं करायचं काय. तिथल्या बाईंनी स्वतः अर्ज न लिहिता मंत्रिमंडळातल्या पोरींनाच लिहायला लावला, पोरींनी कुठल्या थांब्यावर किती पासवाले चढतात याची गावनिहाय यादी केली, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घेतला आणि बाईंसोबत आगारात गेल्या. पहिल्या वेळी "ड्रायव्हर कमी आहेत" हेच उत्तर. पोरी परत गेल्या, यादी पुढे ठेवली, आणि गाडी सव्वापाचची झाली. ही यादी करणारी पोरगी वर्गात नंबरातली नव्हती बरं का, पण सगळे थांबे तिला पाठ होते कारण ती रोज त्याच गाडीने येते.

असली कामं प्रत्येक शाळेत पडलेली आहेत. पोषण आहार मंत्री निवडता ना, मग त्याला चव नोंदवही (जेवण वाढायच्या आधी चाखून शेरा लिहितात ती) दाखवा. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो हे माहीत असलेला आहारमंत्री मला तरी अजून भेटला नाही, त्याचं काम रांगेत ढकलाढकली होऊ न देणं एवढंच. पाच सप्टेंबरला स्वयंशासन दिनाला हीच पोरं दिवसभर अख्खी शाळा चालवतात, तास घेतात, घंटा देतात, हजेरी घेतात, आणि सगळे शिक्षक कौतुक करतात. सहा तारखेला ती एकदम लहान होतात का?

आणि एक गंभीर गोष्ट. 2022 मध्ये सरकारने शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती करायला सांगितली, त्यात विद्यार्थी प्रतिनिधी पण घ्यायचे आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचं प्रकरण झालं तेव्हा या समित्यांची सगळीकडे चर्चा झाली. आपापल्या मुलांना आज एवढंच विचारा की तुमच्या शाळेतल्या समितीवर मुलांपैकी कोण आहे. माझ्या मुलीला माहीत नव्हतं, आणि ती मंत्री आहे. तक्रारपेटी मात्र आहे, ऑफिसच्या दाराशेजारी, म्हणजे चिठ्ठी टाकताना सगळ्यांना दिसेल अशी.

दहावीच्या पोरांना बहुतेक ठिकाणी "वर्ष महत्त्वाचं आहे" म्हणून यातून बाजूला ठेवतात, ते मला समजतं, पालक म्हणून मी पण कदाचित तेच म्हणेन. पण आठवी-नववीला तरी महिन्यातून एक मिटिंग घ्या, तीही शाळेच्या वेळेतच, म्हणजे एसटीवाल्यांना पण बसता येईल. मुख्याध्यापक समोर हवेत, मुलांनी मांडलेलं वहीत लिहायचं, आणि पुढच्या मिटिंगला आधी मागच्याचं काय झालं ते सांगायचं, नाही झालं तर का नाही ते सांगायचं. यासाठी वेगळ्या जीआरची वाट बघायची गरज नाही. पालकसभेत मी हे बोलले तेव्हा "विचार करू" असं उत्तर मिळालं. तुमच्या पेपरात छापून आलं तर कात्रण घेऊन परत जाणार आहे.

आपली,
एक पालक, जि. सातारा