तुझ्या मागे कोण असेल?

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आधी तू ठेवलास की मी, ते मला आठवत नाही. बाबा म्हणतात, मीच ठेवला. तसं असेल तर चुकलं माझं. फोनवर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहिते आहे. आणि गच्चीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले आहे.

गच्चीवरच्या तुझ्या शूटिंगचा, तू पाठवलेला धोक्यांचा तक्ता मी तीनदा वाचला. "सर फक्त सही बघतात गं" असं तू म्हणालीस. बघत असतील. पण तो कागद सरांसाठी नाहीच, मनू. नऊ ओळी आहेत आणि नवांच्या नवांपुढे 'शक्यता : कमी' लिहिलं आहेस. रात्रीचं शूटिंग, तीन मजल्यांवरची गच्ची, गुडघ्याएवढा कठडा, उघड्यावर लाईट, जमिनीवर वायरी आणि पळणारा मुलगा. यातलं सगळंच कमी कसं असेल? उपायाच्या रकान्यात पाच वेळा 'काळजी घेऊ' आहे. ते मी तुला म्हणायचं वाक्य आहे गं, तक्त्यात लिहायचं नाही. तिथे कोण, काय आणि केव्हा करणार ते लिहायचं असतं.

बघ, सुरू झालं माझं. रागावू नकोस.

बाबांनी कागद हातात घेतला आणि चष्मा लावून पेनाने खुणा केल्या. त्यांचं सांगते, कारण ते स्वतः फोनवर बोलणार नाहीत. वायरचं रीळ पूर्ण उलगडायचं. गुंडाळलेल्या रिळावर मोठा लाईट लावला की आतली वायर तापते आणि वरून कळतसुद्धा नाही. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप बंद पडणारा स्विच, असेल त्याच बोर्डावरून करंट घ्यायचा. जनरेटर आणलात तर उघड्यावर ठेवायचा, जिन्यात किंवा बंद खोलीत कधीही नाही, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लाईटला सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारं ते कापडी खोकं, लावलं की गच्चीवरच्या वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं. म्हणून ज्या बाजूला वजन, त्याच बाजूला स्टँडचा एक पाय हवा आणि त्यावर वाळूची पिशवी. वारा वाढला की लाईट खाली उतरवायचा, शॉट राहिला तरी चालेल. जिन्याच्या दाराशी एकही वायर नको. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. एवढं सांगून ते अंगणात गेले आणि बराच वेळ तिथेच उभे होते.

माझा प्रश्न मात्र त्या नऊ ओळींत कुठेच नाही. सीनमधला तो मुलगा पळत तुझ्याकडे येणार, आणि तू कॅमेरा घेऊन उलटी मागे जाणार. तेव्हा तुझ्या मागे कोण असेल?

तुला आठवतं का, नऊ वर्षांची होतीस. आजोबांचा कॅमेरा गळ्यात होता आणि आम्ही सगळे ओट्यावर. आजी, काका, सुमीमावशी, दादा पुढे बसलेला. सगळे मावत नाहीत म्हणून तू एकेक पाऊल मागे जात होतीस. पायरी कुणालाच आठवली नाही. पडता पडता तुझं बोट दाबलं गेलं, म्हणून तो फोटो निघाला. त्यात सगळ्यांची तोंडं उघडी आणि सगळ्यांचे हात पुढे, तुझ्याकडे. सात माणसं हात पसरून आणि एकही तुझ्यापर्यंत पोचलेला नाही. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. तू मात्र रडत विचारत होतीस, "फोटो आला का?" त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही मुलगी हेच करणार. आणि त्याच दिवशी पोटात जो गोळा आला, तो अजून तिथेच आहे.

डोळा कॅमेऱ्यात गेला की तुला आजूबाजूचं काही दिसत नाही. हा तुझा दोष नाही, तुझं कामच ते आहे. म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी काम तुझ्या पाठीशी राहायचं असायला हवं. एक हात तुझ्या पाठीवर, डोळे जमिनीवर आणि कठड्यावर. त्याच्या हातात माईक नको, मोबाईल नको, क्लॅप नको. 'कुणीतरी असेलच' असं म्हणू नकोस. नाव हवं.

रविवारी रात्री झोप लागेना, म्हणून वाचत बसले. सारा जोन्स नावाची मुलगी होती, अमेरिकेत, कॅमेरा असिस्टंट. वय २७. फेब्रुवारी २०१४ मध्ये जॉर्जिया राज्यात रेल्वेच्या पुलावर शूटिंग चाललं होतं. रेल्वे कंपनीने परवानगी नाकारली होती, तरीही युनिट रुळांवर गेलं. गाडी आली. पुलावर बाजूला व्हायला जागा नव्हती. सारा गेली, आणखी काही जण जखमी झाले. पुढे दिग्दर्शकाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. ते सगळे अनुभवी लोक होते, मनू. 'हे नको करायला' असं कुणाच्या तरी मनात आलं असेलच ना? मला सारखं वाटतं, ते शब्द कुणाच्या तरी ओठांवर येऊन परत गेले असतील.

म्हणून एक शब्द ठरवा. तो कुणीही उच्चारला, अगदी पहिल्या वर्षाच्या पोराने, तरी सगळं तिथल्या तिथे थांबेल असा. 'थांब' नको, तुझ्या सीनमध्ये तो मुलगा तेच ओरडतो आहे. संहितेत नसलेला शब्द घ्या आणि सुरुवातीलाच सगळ्यांना मोठ्याने म्हणायला लावा.

आणि उजेडात एकदा गच्चीवर जाऊन ये. रेकी केलीस, जागा बघून आलीस म्हणालीस, पण ती फ्रेमसाठी. या वेळी कॅमेरा न घेता जा आणि कठड्यापासून किती पावलं आहेत ते मोज. तिथे चिकटपट्टीची जाड रेघ मारा, तिच्या पलीकडे कुणी जायचं नाही. खरं तर मला विचारशील तर धावण्याचा शॉट वर घेऊच नये. खालच्या मैदानात तसाच कठडा उभारता येईल, उंची वाऱ्याच्या आवाजाने कळेल, रस्त्याचा एक शॉट वरून वेगळा, स्टँडवर कॅमेरा लावून घेता येईल. धोका सांभाळण्याआधी तो टाळता येतो का, एवढं बघ.

दिग्दर्शन मी करायला नको, कळतं मला. आजीच्या हातांवरची तुझी ती चार मिनिटांची फिल्म मी किती वेळा बघितली ते तुला सांगितलेलं नाही. शेवटी ती चष्मा पुसते, तिथे तू कॅमेरा हलवलाच नाहीस. दुसऱ्या कुणी हलवला असता. तुझ्या नजरेवर माझा पूर्ण विश्वास आहे. काळजी आहे ती पाठीची.

आणखी एक, मग थांबते. पॅकअप पहाटे होणार. रात्रभर जागलेल्या माणसाने गाडी चालवायची नाही. १९९७ मध्ये हॉलिवूडमध्ये एक कॅमेरा असिस्टंट १९ तासांच्या कामानंतर घरी जाताना गाडी चालवता चालवता झोपला आणि गेला. तुम्ही सगळे तिथेच झोपा, उजाडल्यावर निघा. जवळच्या हॉस्पिटलचं नाव आणि इमारतीचा नेमका पत्ता कॉलशीटच्या, म्हणजे त्या दिवसाच्या कामाचा जो कागद सगळ्यांना देता त्याच्या, वरच छापा. घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही.

बाबा अंगणात का गेले, हे तुला कळलं असेल. त्या पावसाळ्यात शिडी धरणारा मुलगा 'दोन मिनिटांत येतो' म्हणून गेला होता. ते आजही त्याला दोष देत नाहीत. म्हणतात, "धरायचं काम त्याचंच आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं." तू तेव्हा चार वर्षांची होतीस. दादाला थोडं आठवतं.

तो ओट्यावरचा फोटो सोबत ठेवते आहे. तुझ्याकडे असू दे.

तक्त्यात दहावी ओळ घाल आणि शेवटच्या रकान्यात त्या मुलाचं किंवा मुलीचं नाव लिहून मला पाठव. मी त्यांना फोन करणार नाही. फक्त नाव माहीत असू दे. आणि पॅकअप झालं की मेसेज कर, कितीही वाजले असले तरी. बाबांच्या फोनवर नको, माझ्या.

तुझी,
आई